घरातल्या यंत्रांचे सेन्सर: ते वीज कशी वाचवतात आणि आपण त्यांच्या आड कसे येतो

सेन्सर स्वतः एक वॅटही वाचवत नाही, उलट थोडी वीज खातोच. त्याचं काम मोजून सांगण्याचं. तापमान किती, पाणी किती चढलं, कपडे अजून ओले आहेत का, खोलीत कुणी हललं का, एवढं तो यंत्रातल्या कंट्रोल बोर्डाला कळवतो. बचत होते ती पुढे, बोर्ड त्या माहितीवरून ‘आता पुरे’ किंवा ‘आता हळू’ असं ठरवतो तेव्हा. म्हणून माहिती चुकली की निर्णय चुकतो, आणि यंत्र अगदी इमानदारीने वीज वाया घालवत राहतं. बहुतेक वेळा सेन्सर बिघडलेला नसतोच. त्याच्यावर धूळ बसलेली असते, समोर काहीतरी ठेवलेलं असतं, नाहीतर आपण असा प्रोग्रॅम निवडलेला असतो की ज्यात त्याला कुणी विचारतच नाही.

या लेखात एकेक यंत्र घेऊन सेन्सर कुठे असतो, काय पाहतो आणि त्याला खरं चित्र दिसावं म्हणून काय करायचं, ते क्रमाने सांगितलं आहे. सगळी यंत्रं तुमच्याकडे नसतील. आपल्या कामाचं तेवढं घ्या, पण सुरुवातीचे दोन भाग वगळू नका.

बचत नेमकी कुठून येते

सेन्सर नसलेलं यंत्र घड्याळावर चालतं. बनवणाऱ्याला ठाऊक नसतं की तुम्ही चार कपडे टाकणार की ड्रम भरणार, म्हणून तो सगळ्यात वाईट परिस्थिती धरून वेळ ठरवतो. रोज मात्र तशी परिस्थिती नसते. वाईटात वाईट गरज आणि आजची खरी गरज यांतला फरक म्हणजे सेन्सरची कमाई. त्यामुळे जिथे गरज रोज बदलते (धुलाई, वाळवणं, खोली थंड करणं) तिथे सेन्सर भरपूर वाचवतो. जिथे काम दरवेळी सारखंच असतं, तिथे तो जाहिरातीपुरता उरतो.

दुसरी वाट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: बंद करण्याऐवजी हळू चालवणं. पंखा किंवा ब्लोअर हवा ढकलतो तेव्हा लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते (०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१). वेग निम्मा केला तर हिशोबाने आठवा भागच उरतो. प्रत्यक्षात मोटरचे आणि बोर्डाचे स्वतःचे तोटे असतात, त्यामुळे इतकं देखणं गणित पदरात पडत नाही, पण दिशा हीच. वेग कितीने कमी करायचा हे सेन्सरशिवाय कळणार नाही. इन्व्हर्टर (म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाऱ्या) कॉम्प्रेसरचं तत्त्वही याच्याच जवळचं आहे: पूर्ण जोरात चालून थांबणं आणि पुन्हा चालू होणं, यापेक्षा गरजेपुरतं सतत हळू चालणं स्वस्तात पडतं.

ही कल्पना काही नवी नाही. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्येच दोन धातूंची पट्टी तापून वाकते या गुणावर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं होतं. साध्या इस्त्रीत आजही तेच तत्त्व काम करतं. मायकेल फॅरेडेच्या १८३३ मध्ये लक्षात आलं की चांदीचं सल्फाइड तापलं की त्याचा विद्युतरोध वाढण्याऐवजी कमी होतो. आज फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन, इंडक्शन या सगळ्यांत तापमान मोजायला बसवलेला एनटीसी थर्मिस्टर हा त्याच गुणधर्माच्या पदार्थांपासून बनतो. शेंगदाण्याहून लहान, काळ्या किंवा तांबूस थेंबासारखा हा तुकडा घरातला सर्वांत कष्टाळू सेन्सर आहे. या लेखात तो पुन्हा पुन्हा भेटेल.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते ओळखा

पॅनेलवर ‘ऑटो’, ‘सेन्सर’, ‘इको’ असं काही लिहिलं आहे का पाहा. पुस्तिकेतल्या एरर कोडच्या यादीवर एक नजर टाका. जाहिरातीत काय म्हटलंय त्यापेक्षा ही यादी खरं बोलते, कारण ज्या सेन्सरसाठी कोड आहे तो यंत्रात नक्की आहे. फ्रिजला फक्त १ ते ७ आकड्यांची खुंटी असेल तर तो बहुधा जुन्या पद्धतीच्या नळीवाल्या थर्मोस्टॅटवर चालतो. ते आकडे अंश सेल्सिअस नव्हेत. आकडा मोठा तितका गारवा जास्त, एवढाच बहुतेक खुंट्यांचा अर्थ.

दुसरी पायरी: आधी मोजा, मग हात लावा

प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर मिळवा. आधीचा आकडा नसेल तर नंतर ‘फरक पडला’ हे नुसतं वाटण्यावर राहतं.

फ्रिज किमान दोन पूर्ण दिवस मोजा. एका दिवसात डीफ्रॉस्टचा (आतला बर्फ वितळवण्याचा) हीटर लागला आणि दुसऱ्यात नाही, तर नुसते दिवस एकमेकांशी ताडून चुकीचा निष्कर्ष निघतो. वॉशिंग मशीनचा एक पूर्ण प्रोग्रॅम मोजा. कपडे साधारण किती होते आणि येणारं पाणी किती गार होतं तेही लिहून ठेवा. एसी आणि गीझर मोठा भार घेतात. प्लग-मीटरवर लिहिलेली अँपिअरची मर्यादा त्या भाराला पुरेशी नसेल तर मीटर लावूच नका. बाकी सगळं बंद ठेवून घराच्या मुख्य मीटरचं तासाभराचं वाचन घ्या. खोलीतलं आणि बाहेरचं तापमान टिपलं नाही तर एसीच्या आकड्याला काही किंमत नाही.

फ्रिज

चोवीस तास चालणारं यंत्र म्हणून इथे वेळ घालवणं परवडतं. आधुनिक फ्रिजमध्ये साधारण तीन-चार सेन्सर असतात. कप्प्याच्या भिंतीत छोट्या जाळीमागे एक थर्मिस्टर, फ्रीझरमध्ये एक, आतल्या थंड कॉइलला चिकटवलेला एक आणि दार उघडं-बंद सांगणारा चुंबकी किंवा दाबाचा स्विच.

कॉइलवरच्या सेन्सरचं काम सहसा कुणाला माहीत नसतं. हवेतला ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो आणि तो वितळवायला काहीशे वॅटचा हीटर असतो. म्हणजे फ्रिज आतून स्वतःलाच तापवतो आणि मग ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज घालतो! जुन्या फ्रिजमध्ये हे ठरावीक तासांनी व्हायचं, बर्फ असो वा नसो. नव्या फ्रिजमध्ये दार कितीदा उघडलं, कॉम्प्रेसर किती वेळ चालला, मागच्या वेळी बर्फ वितळायला किती वेळ लागला, हे पाहून पुढचा डीफ्रॉस्ट ठरतो. दार कमी उघडण्याचा फायदा असा दुहेरी आहे. गार हवा सांडत नाही आणि हीटरची पाळीही लांबते.

आता करायच्या गोष्टी.

एक भांडंभर पाणी मधल्या फळीवर ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा आणि रात्रभर राहू द्या. हवेचं तापमान दार उघडताक्षणी बदलतं, पाण्याचं नाही. सकाळी ३ ते ४ अंश दिसायला हवेत. फ्रीझरला उणे १८ पुरेत. त्याहून गार करून टिकाऊपणात घरगुती वापरासाठी फारसं काही हाती लागत नाही, वीज मात्र जाते. सेटिंग एका अंशाने बदला आणि पुढचा बदल करण्याआधी पूर्ण एक दिवस थांबा. तासातासाला खुंटी फिरवणाऱ्याला खरा आकडा कधीच सापडत नाही.

सेन्सरची जाळी आणि गार हवेची भोकं शोधून काढा. जाळीला टेकून गरम भांडं ठेवलं तर सेन्सरला वाटतं की सगळा कप्पाच तापलाय. कॉम्प्रेसर जोरात चालतो आणि मागच्या बाजूच्या वस्तू गोठतात. भोकं झाकली गेली की उलट होतं: हवा सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही, तो ‘अजून गरम आहे’ म्हणत राहतो आणि थंडी एका कोपऱ्यात साचते.

दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून पाहा. सहज निघाली तर तिथून ओली हवा आत जाते, म्हणजे बर्फ जास्त, म्हणजे डीफ्रॉस्ट जास्त. चारही बाजूंनी ही चाचणी करा. बिजागरीच्या बाजूला रबर आधी दमतं. बऱ्याचदा ते फाटलेलं नसतं, नुसतं मळकट आणि ताठ झालेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की पुन्हा बसतं.

दाराचा स्विच बोटाने दाबून पाहा. दिवा विझला पाहिजे. हा स्विच अडकला तर आत दिवा जळत राहतो, आणि अनेक मॉडेलांत दार उघडं समजून आतला पंखाही बंद राहतो. मग लोक ‘गॅस गेला’ म्हणून मोकळे होतात.

एक विचित्र प्रकार फक्त थंड खोल्यांत दिसतो. ज्या फ्रिजचा एकमेव सेन्सर खालच्या कप्प्यात असतो, त्याच्या आसपासची खोलीच १० अंशांच्या खाली गेली तर तो कप्पा आपोआप गार राहतो. सेन्सर समाधानी, कॉम्प्रेसर बंद, आणि वर फ्रीझर वितळू लागतो. यंत्रात काहीही बिघाड नाही. ज्या जागी मोजमाप नाही तिथलं त्याला कळत नाही, एवढंच.

एसी

आतल्या युनिटमध्ये दोन थर्मिस्टर असतात. एक फिल्टरमागे, खोलीतून परत येणारी हवा मोजणारा. दुसरा तांब्याच्या नळीत खोचलेला, कॉइल किती गार झाली ते सांगणारा. बाहेरच्या युनिटमध्ये आणखी काही असतात. इन्व्हर्टर एसी पहिल्या सेन्सरचं वाचन आणि तुम्ही सांगितलेलं तापमान यांतला फरक पाहून कॉम्प्रेसरचा वेग ठरवतो. फरक मोठा तर वेग जास्त, फरक मिटत आला की वेग खाली.

रिमोटवर १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर २५ वरही त्याच एका वेगाने चालतो. इन्व्हर्टरमध्ये १६ चा अर्थ इतकाच होतो की फरक कधी मिटतच नाही आणि हळू चालण्याची वेळ, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले ती वेळ, कधी येत नाही. जे तापमान खरंच हवं आहे तेच लावा आणि त्याला थोडा वेळ द्या.

एसीचा सेन्सर छताजवळ असतो, तुम्ही खाली. गरम हवा वर जाते, म्हणून दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. एक थर्मामीटर हवा आत ओढणाऱ्या जाळीजवळ धरा, नंतर तोच तुम्ही बसता त्या उंचीवर अर्धा तास ठेवा. फरक किती तो कळला की रिमोटवरचा आकडा त्या हिशोबाने ठरवता येतो. काही रिमोटमध्येच थर्मिस्टर असतो आणि ते बटण दाबलं की एसी रिमोटजवळचं तापमान धरून चालतो. सोय उत्तम आहे, पण मग रिमोट उशीखाली, खणात किंवा उन्हाच्या पट्ट्यात पडून चालणार नाही. त्याला एसी दिसलाही पाहिजे, नाहीतर संदेश पोहोचत नाही.

युनिटच्या तोंडासमोर पडदा किंवा कपाटाचा माथा आला की गार हवा खोलीत न पसरता वळून लगेच वर जाते. सेन्सरला वाटतं काम झालं, एसी मंदावतो, खोली उकडतीच. ही तक्रार घेऊन सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी समोरची जागा मोकळी करून पाहा.

धुळीने भरलेल्या फिल्टरचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. हवा कमी वाहते म्हणून कॉइल प्रमाणाबाहेर गार होते. तिथला सेन्सर बर्फ धरण्याचा धोका ओळखून कॉम्प्रेसर मंद करतो किंवा थांबवतो. खोली गार होत नाही म्हणून आपण आकडा आणखी खाली आणतो. फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा, पूर्ण वाळवून बसवा. ओला फिल्टर बसवू नका.

वॉशिंग मशीन

इथला सर्वांत गमतीदार सेन्सर म्हणजे पाण्याच्या पातळीचा. तो पाण्याला स्पर्शच करत नाही. टबाच्या तळाशी एक छोटी कुपी असते, तिच्यातून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढलं की नळीतली हवा कोंडली जाऊन दाबते आणि वरचा पडदा हलतो. त्या दाबावरून पातळी कळते. साबणाचा साका साचून कुपी तुंबली किंवा नळीला सूक्ष्म चीर गेली की पातळी चुकते. मशीन पाणी भरतच राहतं किंवा अर्ध्यावर थांबतं. अशा वेळी अनेकदा बोर्ड बदलायचा सल्ला मिळतो. आधी कुपी आणि नळी साफ करून पाहायला सांगा.

कपडे किती आहेत हे बहुतेक मशीन सुरुवातीला ड्रम फिरवून मोटरला किती जोर लागतो त्यावरून ताडतात. म्हणून सगळे कपडे आधी आणि कोरडेच टाका. भिजवून पिळलेले कपडे टाकले तर पाण्याचं वजनही कपड्यांच्या नावावर लागतं आणि मशीन जास्त पाणी घेतं. मोजणी झाल्यावर हळूच दोन कपडे सरकवले तर उलट नुकसान. त्या प्रोग्रॅमला पाणी कमी पडतं.

वीज मात्र सगळ्यात जास्त जाते ती पाणी तापवण्यात. १० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.४७ युनिट वीज लागते, ४० वर न्यायला ०.२३. ड्रम फिरवण्याची वीज त्यापुढे किरकोळ. ‘इको’ प्रोग्रॅम तीन-तीन तास चालतो तरी कमी वीज खातो त्याचं कारण हेच: पाणी कमी तापवायचं आणि साबणाला वेळ जास्त द्यायचा. वेळ पाहून ‘हा कसला इको’ म्हणून तो टाळणारे आणि घाईचा प्रोग्रॅम गरम पाण्यावर लावणारे, दोघांचंही मीटर बघण्यासारखं असतं.

साबणाचं माप पाळा. फेस फार झाला की मशीनला ते कळतं. ते थांबतं, फेस बसू देतं आणि जास्तीचं पाणी घेऊन खळबळतं. स्पिनच्या वेळी ड्रमचा वेग हेलकावतोय का यावरून तोल बिघडल्याचं ओळखलं जातं. एकटी जाड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होते. मशीन दोन-चारदा सारखं करायचा प्रयत्न करतं आणि शेवटी कमी वेगाने पिळून सोडून देतं. कपडे ओले राहतात आणि ते पाणी मग ड्रायरला हीटरने उडवावं लागतं, जे पिळून काढण्याच्या कितीतरी पट महाग आहे. जाड कपड्याबरोबर दोन-तीन लहान कपडे टाका. मशीन चारही पायांवर पातळीत आहे का ते वर पाणसळ ठेवून बघा. पाय डुगडुगत असेल तर तोल ओळखणाऱ्या सेन्सरला खऱ्या-खोट्यातला फरक करता येत नाही.

ड्रायर आणि डिशवॉशर

ड्रायरच्या ड्रममध्ये दाराजवळ दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम लागला की त्यांच्यातून अल्पसा प्रवाह वाहतो, कोरडा लागला की वाहत नाही. एवढी साधी युक्ती, पण मिनिटांवर चालवण्यापेक्षा हीच निवडण्यासारखी आहे, कारण मिनिटं लावताना आपण नेहमी जास्तच लावतो. मऊपणासाठी वापरायच्या रसायनांचा थर या पट्ट्यांवर चढतो आणि ओला कपडाही त्यांना कोरडा वाटू लागतो. महिन्यातून एकदा व्हिनेगर किंवा स्पिरिटच्या फडक्याने त्या पुसा. अगदी थोडे कपडे असतील तर ते पट्ट्यांना पुरेसे लागतच नाहीत आणि यंत्र लवकर थांबतं. तो दोष नव्हे.

डिशवॉशरच्या ‘ऑटो’मध्ये गढूळपणा मोजला जातो. पाण्याच्या एका बाजूला प्रकाश देणारा एलईडी, समोर प्रकाश टिपणारा भाग. पाणी किती गढूळ त्यावरून पुढची धुलाई ठरते. आधीच नळाखाली भांडी लख्ख करून ठेवली तर पाणी स्वच्छ दिसतं, यंत्र हलकी धुलाई निवडतं आणि तळाशी घट्ट चिकटलेलं तसंच राहतं. खरवडून टाका, धुऊ नका. पाणी क्षारयुक्त असेल तर सेन्सरच्या खिडकीवर पांढरा थर बसतो, मग त्याला स्वच्छ पाणीही गढूळ दिसतं आणि विनाकारण आणखी एक फेरी होते. क्षार काढायची पावडर घालून रिकामा प्रोग्रॅम अधूनमधून चालवणं हाच उपाय.

गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह

साठवणीच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅटची दांडी एका नळीत खोचलेली असते. तिच्यावर क्षार चढले की पाण्याची उष्णता तिच्यापर्यंत उशिरा पोहोचते आणि पाणी गरजेहून जास्त तापतं. टाकी जितकी गरम तितकी उष्णता बाहेर झिरपते, म्हणून उकळत्या पाण्यात गार पाणी मिसळून वापरण्यात अर्थ नाही. पण दुसरं टोकही गाठू नका. लेजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, म्हणून साठवलेलं पाणी कोमट ठेवू नये. टाकीत ६० अंश हा सुरक्षित आकडा आहे.

इंडक्शनच्या काचेखाली मधोमध थर्मिस्टर असतो. भांड्याचा तळ मधे वर उचललेला असेल तर तो काचेला टेकत नाही आणि सेन्सरला भांड्याची उष्णता उशिरा कळते. सपाट तळाचं भांडं, तेही बरोबर मध्यावर.

मायक्रोवेव्हचा ‘सेन्सर’ कार्यक्रम बाहेर पडणाऱ्या वाफेवर चालतो. आतली बाजू आणि फिरती काच कोरडी करून सुरू करा, झाकण सैल ठेवा आणि वाफ ओळखली जाईपर्यंत दार उघडू नका.

हवा शुद्ध करणारं यंत्र

यात धुळीचा सेन्सर बाजूच्या छोट्या छिद्रामागे असतो. कणांवरून विखुरलेला लेझरचा किंवा अवरक्त प्रकाश तो मोजतो. काचेवर धूळ साचली की आकडा कायम वाईट दिसतो आणि पंखा कायम जोरात. दोन महिन्यांनी कोरड्या कापसाच्या काडीने भिंग पुसा. पाण्याचे तुषारही त्याला धुळीसारखेच दिसतात, म्हणून आर्द्रता वाढवणारं यंत्र शेजारी ठेवू नका.

सेन्सर बिघडल्याचा संशय आला तर

थर्मिस्टर पूर्ण तुटला किंवा शॉर्ट झाला तर बोर्ड एरर कोड दाखवतो. त्रास देतो तो अर्धवट बिघडलेला, जो खोटं वाचन देतो पण कोड येऊ देत नाही. त्याचं लक्षण वाचायला एक नियम पुरतो: एनटीसीचा रोध जास्त म्हणजे यंत्राला गार वाटणार, कमी म्हणजे गरम. कनेक्टर गंजला तर रोध वाढतो. एसीला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि तो लवकर थांबतो. सेन्सरच्या आवरणात ओल शिरली तर रोध घटतो. फ्रिजला कप्पा गरम वाटत राहतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि आतलं सगळं गोठतं.

तपासायचं असेल तर प्लग काढा, सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. बऱ्याच सेन्सरांचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो, काहींचा ५. नेमका आकडा सर्व्हिसच्या पुस्तिकेत मिळतो. १० वाला असेल तर बर्फ-पाण्याच्या मिश्रणात तो २७ ते ३३ किलोओहमच्या आसपास दिसायला हवा आणि मुठीत धरला की आकडा एकसारखा खाली यायला हवा. उड्या मारत असेल किंवा हलतच नसेल तर सेन्सर बदला. कनेक्टर मात्र आधी साफ करून पुन्हा मोजा. निम्म्या वेळी काम तिथेच संपतं.

इन्व्हर्टर एसीच्या बोर्डात आणि मायक्रोवेव्हमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. ती दोन्ही उघडू नका. आणि गीझर, ड्रायर किंवा इस्त्रीतला जास्त तापल्यावर तुटणारा कट-ऑफ तार जोडून ‘तात्पुरता’ कधीही बायपास करू देऊ नका. तो वीज वाचवायला नाही, आग टाळायला असतो.

नवा सेन्सर विकत घेताना

हालचालीवर लागणारे दिवे सगळ्यांना हवे असतात, म्हणून त्यांचं थोडं सविस्तर. नेहमीचा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर दिसतो, म्हणून तो वाटेच्या कडेला, दोन-अडीच मीटर उंचीवर लावा. एसीचा झोत, हीटर आणि उन्हाची खिडकी यांच्याकडे त्याचं तोंड नको. स्थिर बसून वाचणारा माणूस त्याला दिसत नाही. अभ्यासाच्या खोलीत तो अंधार करून वैताग आणतो. तिथे रडारवर चालणारा सेन्सर लागतो.

घेण्याआधी मात्र एक हिशोब कराच. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. समजा कपाटाच्या खोलीतला ९ वॅटचा एलईडी रोज तासभर विनाकारण जळतो. सेन्सर लावून वर्षाला ३.३ युनिट वाचतील. तो सेन्सर स्वतः अर्धा वॅट घेत असेल तर वर्षाला ४.४ युनिट खाईल. म्हणजे लावल्याने तोटाच. अशा जागी दारात बसणारा साधा स्विच बरा, तो काहीच खात नाही. हाच सेन्सर जिन्यात, जिथे तीन दिवे रात्रभर जळतात, तिथे लावला तर पहिल्या वर्षातच आपली किंमत दाखवतो. दिवा किती वॅटचा, किती तास वाया जातो आणि सेन्सर स्वतः किती घेतो, हे तीन आकडे घेऊन बसा. तिसरा आकडा खोक्यावर नसेल तर तो दुकानदाराला विचारा, किंवा दुसऱ्या पायरीतला प्लग-मीटर एवढी छोटी वीज मोजणारा असेल तर त्यावर बघा. त्याच मीटरवर टीव्ही, चार्जर आणि स्मार्ट प्लगही लावून पाहा. काही स्मार्ट प्लग ज्या उपकरणाची स्टँडबाय वीज वाचवायला आणले जातात, जवळजवळ तेवढीच वीज स्वतः घेत बसलेले असतात.